तीन सीनेम, एक एमएक्स आणि खजिनदारांचा मोबाइल: अ‍ॅमेझॉन एसईएसचा आमचा अनुभव

पाचपाखाडीतील आमच्या छोट्या कार्यालयातून ठाण्यातल्या काही गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिले जातात आणि दर महिन्याच्या १ तारखेला त्यांच्या सभासदांना देखभाल शुल्काची बिले ईमेलने पाठवली जातात. घोडबंदर रस्त्यावरच्या चार-चार इमारतींच्या संकुलांपासून नौपाड्यातल्या बारा बिऱ्हाडांच्या जुन्या इमारतीपर्यंत मिळून ही बिले तीन हजारांच्या घरात जातात. पावत्या, स्मरणपत्रे आणि सभांच्या सूचना धरल्या तर महिन्याकाठी नऊ हजारांच्या आसपास मेल निघतात. गेल्या वर्षापर्यंत हा सारा पत्रव्यवहार संकेतस्थळाच्या होस्टिंगबरोबर फुकट मिळालेल्या मेलपेटीतून चालत असे. मेल निघतात एवढे आम्हाला ठाऊक होते. ते पोहोचतात कुठे, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

तो पडला मानपाड्याच्या एका संस्थेच्या खजिनदारांमुळे. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ एका दुपारी कार्यालयात आले, खुर्चीत बसले आणि आपल्या मोबाइलवर जीमेलचा स्पॅमचा कप्पा उघडून त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. चार महिन्यांची बिले तेथे ओळीने पडून होती. "साहेब, बिले सगळी इथे आहेत. व्याज तेवढे न चुकता खात्याला लागले आहे," असे ते म्हणाले, आणि आवाज न चढवता म्हणाले, म्हणून ते अधिक लागले. त्यांच्याच मेलचे 'शो ओरिजिनल' हे पान आम्ही संगणकावर उघडून पाहिले. त्या पानाच्या माथ्यावर जीमेल आपला निकाल देते. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे का हे ताडण्याच्या तीन तपासण्या. आमच्या मेलपुढे एसपीएफच्या रकान्यात 'पर्मएरर', म्हणजे नोंदीतच चूक, असा शेरा होता, आणि डीकिम व डीमार्क या दोन ओळी तेथे नव्हत्याच.

मेल पाठवण्यासाठी वेगळी सेवा घेण्याचे आम्ही त्या दिवशी ठरवले. त्यानंतर अ‍ॅमेझॉनची 'सिंपल ईमेल सर्व्हिस', जिला या व्यवसायातले लोक नुसते एसईएस म्हणतात, ती आम्ही घेतली, आणि सात-आठ महिने वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. आरंभीच सांगतो की मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही, हिशेबाचा माणूस आहे. त्यामुळे या लेखात सेवेच्या गुणदोषांपेक्षा डोमेनच्या डीएनएस नोंदींबद्दल, म्हणजे त्या नावाचे मेल आणि संकेतस्थळ कोठे आहे हे जगाला सांगणाऱ्या नोंदवहीतल्या ओळींबद्दल, अधिक मजकूर असेल. सेवा घेणे हे दहा मिनिटांचे काम निघाले आणि नोंदींनी आमचा सव्वा आठवडा घेतला, म्हणून लेखाचे प्रमाणही तसेच आहे.

पैशांचे आधी सांगून टाकतो, कारण ठाण्यात कोणत्याही सेवेची चौकशी तेथूनच सुरू होते. एसईएस दर हजार मेलना १० सेंट घेते आणि जोडपत्रांच्या वजनाचे दर जीबीला १२ सेंट वेगळे लावते. मेलमध्ये जोडलेली पीडीएफ पाठवताना मूळ आकारापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने फुगते, हे येथे लक्षात ठेवावे लागते. आमच्या नऊ हजार मेलचे ९० सेंट आणि जोडपत्रांचे थोडे, असे सव्वा डॉलरच्या आत भागते आणि त्यावर जीएसटी लागतो. एवढ्या रकमेत आमच्या कार्यालयाचा एका दिवसाचा चहासुद्धा होत नाही. महिन्याला हजार-दोन हजार रुपये घेणाऱ्या सेवाही आहेत आणि त्यांचे मेल लिहिण्याचे, सजवण्याचे पडदे फार देखणे असतात. परंतु बिल हे बिल असते, त्याला सजावट नको, ते पोहोचले म्हणजे झाले.

खाते उघडल्यावर पहिली चूक आमची आम्हीच केली. अ‍ॅमेझॉनच्या पानावर उजव्या कोपऱ्यात प्रदेश निवडण्याची एक यादी असते. आम्ही ती न पाहता अमेरिकेतला जो प्रदेश आधीच निवडलेला होता त्यातच डोमेन नोंदवले. एसईएसमध्ये डोमेनची पडताळणी प्रदेशागणिक वेगळी होते; एका प्रदेशात मान्य झालेले डोमेन दुसऱ्या प्रदेशात पुन्हा मांडावे लागते आणि पाठवण्याच्या मर्यादाही प्रदेशागणिक वेगळ्या राहतात. त्यामुळे 'एशिया पॅसिफिक मुंबई' निवडून आम्हाला सारे पहिल्यापासून करावे लागले. नवख्या माणसाने सर्वांत आधी तो कोपरा पाहावा.

डोमेनचे नाव दिल्यावर एसईएस तीन सीनेम नोंदी देते. ही या सेवेची मला सर्वांत आवडलेली बाजू आहे, म्हणून तिचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. डीकिम म्हणजे मेलवरची सही. पाठवणारा आपल्या खासगी किल्लीने मेलच्या मजकुरावर आणि शीर्षओळींवर सही करतो आणि तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये ठेवतो. मेल घेणारा सर्व्हर ती किल्ली तेथून उचलून सही ताडून पाहतो. ही किल्ली आपल्या डीएनएसमध्ये टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद म्हणून ठेवायची तर २०४८ बिटांची लांबलचक अक्षरमाला हाती येते, आणि टीएक्सटी नोंदीत एका तुकड्यात २५५ पेक्षा जास्त अक्षरे मावत नसल्यामुळे तिचे दोन तुकडे करून अवतरणचिन्हांत लिहावे लागतात. त्यात एक जागा जास्तीची पडली तरी सही जुळत नाही. एसईएस ही कटकट आपल्यावर टाकत नाही. सीनेम नोंद म्हणजे सरकारी कार्यालयातल्या 'चौकशी शेजारच्या खिडकीत करावी' या पाटीसारखी असते: आपल्या डोमेनवर फक्त पाटी लागते आणि किल्ली अ‍ॅमेझॉनच्या खिडकीत राहते. ती अधूनमधून बदलण्याचे कामही अ‍ॅमेझॉनच करते आणि आपल्याला पाटी हलवावी लागत नाही. पुढे किल्ली बदलण्याचा विसर पडण्याची सोयच राहत नाही, हे आमच्यासारख्या कार्यालयाला फार मोलाचे आहे.

नोंदी मिळाल्या; लावायच्या कुठे, यावर आमचे घोडे अडले. आमचे डोमेन अनेक वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घेतलेले आहे. विक्रेत्याचे नाव घेत नाही, कारण तक्रार त्याच्या एकट्याची नाही. त्याच्या पॅनेलमध्ये शिरल्यावर 'मॅनेज डीएनएस' असे ठसठशीत बटण दिसते. ते दाबले, तिन्ही नोंदी लिहिल्या, हिरवी खूण आली आणि आम्ही निश्चिंत होऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी एसईएसच्या पानावर स्थिती 'पेंडिंग' होती, तिसऱ्या दिवशीही तीच. एसईएस ७२ तासांपर्यंत नोंदी शोधत राहते आणि तोवर त्या सापडल्या नाहीत तर पडताळणी निष्फळ ठरवते. म्हणून तो तिसरा दिवस आम्ही घड्याळाकडे पाहत काढला.

अखेर आमच्या एका तरुण सहकारी मुलीने काळ्या पडद्यावर 'एनएसलुकअप' ही आज्ञा चालवून डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्याच्या डीएनएस नोंदींची उत्तरे जगाला देणारे सर्व्हर, कोणते हे विचारले, आणि उत्तरात जे आले ते विक्रेत्याचे नेमसर्व्हर नव्हतेच. काही वर्षांपूर्वी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने ते होस्टिंगवाल्याकडे वळवलेले होते. डोमेन एकाचे, नेमसर्व्हर दुसऱ्याचे. विक्रेत्याचे पॅनेल आम्हाला नोंदी लिहू देत होते, साठवून ठेवत होते, हिरवी खूणही दाखवत होते. परंतु जगातला कोणताही सर्व्हर त्या नोंदी विचारायला तेथे येत नव्हता. मालमत्तापत्रक एका कार्यालयात असताना अर्ज भलत्याच कार्यालयात दाखल करावा आणि तेथल्या कारकुनाने तो पोच देऊन ठेवून घ्यावा, तसा हा प्रकार. 'तुमचे नेमसर्व्हर येथे नाहीत' अशी एक ओळ त्या पानावर असती, तर आमचे तीन दिवस वाचले असते.

मग होस्टिंगवाल्याचे पॅनेल उघडले. त्याचा पासवर्ड मिळवण्याची कथा सांगत बसत नाही. तेथे दुसरा खड्डा होता. एसईएस नोंदीचे नाव पूर्ण देते: आधी लांब अक्षरांचे टोकन, मग टिंब, मग अधोरेषेसह 'डोमेनकी' आणि शेवटी आपले संपूर्ण डोमेन. आम्ही ते जसेच्या तसे नावाच्या चौकटीत चिकटवले. हे पॅनेल मात्र चौकटीतल्या नावापुढे स्वतःच डोमेन जोडणारे होते, त्यामुळे नोंदीच्या शेवटी आमचे डोमेन दोनदा लागले. पडद्यावर ते दिसत नव्हते, कारण चौकट अरुंद होती आणि नाव अर्ध्यातच तीन टिंबांत संपत होते. बाणाची कळ दाबत उजवीकडे सरकत गेल्यावर शेवटी आमच्याच नावाची जुळी शेपटी दिसली. काही पॅनेलांत पूर्ण नाव लिहून शेवटी एक जास्तीचे टिंब दिले की पुढे काही जोडले जात नाही; काहींत डोमेनच्या आधीचा भाग तेवढाच लिहायचा असतो. आपले पॅनेल कोणत्या जातीचे आहे, हे एक नोंद लिहून आणि ती 'डिग' किंवा 'एनएसलुकअप'ने विचारून आधीच पाहून घ्यावे, मग उरलेल्या लिहाव्यात.

या विचारण्यातही एक गोम आहे आणि ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. नोंद लावण्याआधी किंवा चुकीची लावल्यावर आपण पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, तर 'अशी नोंद नाही' हे उत्तरसुद्धा मधल्या सर्व्हरमध्ये काही काळ साठून राहते. नंतर नोंद बरोबर केली तरी आपल्याला जुना नकारच ऐकू येतो आणि आपण बरोबर असलेली नोंद पुन्हा बिघडवायला घेतो. आम्ही एकदा तसे केलेही. आमच्या पॅनेलमध्ये प्रत्येक नोंदीचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवण्याची मुदत) १४४०० सेकंद, म्हणजे चार तास होता. त्यामुळे एखादी चूक सुधारली तरी जुने उत्तर तेवढा वेळ फिरत राहू शकते. यावर उपाय असा की प्रश्न थेट आपल्या नेमसर्व्हरचे नाव देऊन त्यालाच विचारावा, मधल्या कोणाला विचारूच नये. तेथे उत्तर बरोबर आले की संगणक बंद करून चहाला जावे.

नोंदी सुधारल्याच्या दिवशी संध्याकाळी, ठाणे स्थानकाकडे निघण्याच्या वेळेला, एसईएसच्या पानावर 'व्हेरिफाइड' हा शब्द उमटला. तेथेच थांबणारे बरेच असतात, आणि एसईएसही तुम्हाला तेथे थांबू देते. यापुढचा भाग ती सक्तीचा करत नाही. 'कस्टम मेल फ्रॉम डोमेन' या नावाने तो एका घडीत झाकलेला असतो. माझ्या मते हा तिच्या मांडणीतला सर्वांत मोठा दोष आहे.

प्रत्येक मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक वाचणाऱ्याला दिसतो, तो पत्राच्या आतल्या कागदावरचा. दुसरा पाकिटावरचा, म्हणजे मेल पोहोचला नाही तर तो जेथे परत यायचा तो. एसपीएफ, म्हणजे एखाद्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी, ताडली जाते ती पाकिटावरच्या पत्त्यासाठी. आपण काहीच केले नाही तर एसईएस पाकिटावर स्वतःच्या डोमेनचा पत्ता घालते. मग जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की 'साइन्ड-बाय' पुढे आपले डोमेन दिसते आणि 'मेल्ड-बाय' पुढे अ‍ॅमेझॉनचे. एसपीएफ उत्तीर्ण होते खरे, परंतु अ‍ॅमेझॉनच्या नावावर. आपल्या खात्यात त्याचे गुण जमा होत नाहीत. डीमार्कची परीक्षा अशी आहे की एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी निदान एक उत्तीर्ण असले पाहिजे आणि ते वाचणाऱ्याला दिसणाऱ्या डोमेनशी जुळले पाहिजे. म्हणजे या स्थितीत आपला सारा भार एकट्या डीकिमवर राहतो.

हे कळले नसल्यामुळे पुष्कळ जण, आणि त्यांत आम्हीही, मुख्य डोमेनच्या एसपीएफ नोंदीत अ‍ॅमेझॉनचा 'इन्क्लूड' (त्याच्या यादीलाही मान्यता देणारा शब्द) घालून मोकळे होतो. त्याचा उपयोग शून्य असतो, कारण पाकिटावर ते डोमेनच नसते. अपाय मात्र होऊ शकतो. एसपीएफ तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावे लागले तर निकाल 'पर्मएरर' येतो, आणि प्रत्येक 'इन्क्लूड' हा त्या दहांतला एक तरी घास खातो. शिवाय एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. आमच्याकडे दोन होत्या: एक होस्टिंगवाल्याने आपोआप घातलेली आणि दुसरी, कार्यालयाच्या पेट्या गूगलकडे नेल्या तेव्हा कोणीतरी जुनी न काढता जोडलेली. खजिनदारांच्या मेलवरचा तो शेरा याचाच होता. दोन्ही मिळून एक ओळ केली, अ‍ॅमेझॉनला तिच्यात जागा दिली नाही, आणि वर्षानुवर्षांचे दुखणे पाच मिनिटांत गेले.

'मेल फ्रॉम'साठी आपल्या डोमेनचे एक उपडोमेन लागते. आम्ही 'बाउन्स' असे साधे नाव घेतले. त्यावर दोन नोंदी लागतात: अ‍ॅमेझॉनच्या मुंबई प्रदेशातल्या परतीच्या सर्व्हरकडे बोट दाखवणारी १० प्राधान्याची एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणारी नोंद), आणि अ‍ॅमेझॉनला परवानगी देणारी एसपीएफची टीएक्सटी. या उपडोमेनवर दुसरा कोणताही पत्रव्यवहार करायचा नसतो. ही एमएक्स लिहिताना माझ्या भागीदारांनी माझा हात धरला, तो शब्दशः धरला. नावाच्या चौकटीत 'बाउन्स' लिहायचे राहिले असते आणि ती रिकामी गेली असती, तर ही नोंद मुख्य डोमेनला लागली असती, आणि कार्यालयाकडे येणारे मेल अ‍ॅमेझॉनच्या परतीच्या सर्व्हरवर जाण्याचा धोका होता. म्हणून एमएक्स लिहिताना दोघांनी मिळून वाचावे आणि मगच 'सेव्ह' दाबावे, असा आमच्याकडे तेव्हापासून नियम आहे. बँकेत मोठ्या रकमेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, त्यातला हा प्रकार.

एसईएस येथे एक प्रश्न विचारते: पुढे कधी ही एमएक्स सापडली नाही तर मेल अ‍ॅमेझॉनच्या पत्त्याने पाठवायचा की थांबवायचा? आम्ही पहिला पर्याय घेतला. बिल १ तारखेला गेलेच पाहिजे. डीकिमची सही असेपर्यंत ते डीमार्कमध्ये नापास होत नाही.

ही सहीच खरा आधार आहे, हे आम्हाला अनपेक्षित ठिकाणी दिसले. आमच्या काही संस्थांचे सभासद आपल्या नोकरीच्या पत्त्यावर आलेले मेल आपोआप खासगी जीमेलकडे वळवतात. असा वळवलेला मेल तिसऱ्याच सर्व्हरवरून पुढे जातो, त्यामुळे एसपीएफ तेथे बहुधा गळते. मधल्या सर्व्हरने मजकुराला हात लावला नाही तर डीकिमची सही मात्र टिकते. एका सभासदांनी दाखवलेल्या 'शो ओरिजिनल'मध्ये एसपीएफ 'फेल' आणि तरीही डीमार्क 'पास' असे एकाखाली एक लिहिलेले पाहिले, तेव्हा या दोन व्यवस्था एकीऐवजी दोन का आहेत ते मला समजले.

डीमार्कची नोंद स्वतःच लिहावी लागते. अधोरेषेसह 'डीमार्क' या नावाखाली एक टीएक्सटी, तीत धोरण 'नन' आणि अहवाल पाठवण्याचा पत्ता. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले आहेत. जीमेलच्या हिशेबात २४ तासांत जीमेलच्या पेट्यांना पाच हजारांच्या आसपास किंवा अधिक मेल पाठवणारा तो मोठा, आणि तो हिशेब उपडोमेनांसह संपूर्ण डोमेनचा असतो. 'आपण कुठे पाच हजारांत बसतो' असे आम्हीही म्हणत होतो. परंतु एकदा ती रेषा ओलांडली की जीमेल तो शिक्का कायमचा ठेवते, आणि आणखी दोन मोठी संकुले हाती आली व सर्वसाधारण सभेच्या सूचना बिलांच्याच दिवशी निघाल्या, तर ती रेषा आम्हाला दूर नाही.

'नन' म्हणजे कोणाला अडवू नका, फक्त कळवा. हे अहवाल रोज एक्सएमएलच्या गाठोड्यात येतात आणि सरळ वाचता येत नाहीत. आमच्या सहकारी मुलीने ते एका तक्त्यात उतरवण्याची सोय केली. दोन आठवड्यांच्या तक्त्यात एसईएस आणि गूगल यांच्याखेरीज आमच्याच नावाने मेल पाठवणारा तिसरा एक पत्ता सापडला. तो आमच्या संकेतस्थळाचा निघाला. तेथला 'संपर्क करा' हा अर्ज कोणी भरला की संकेतस्थळ आमच्याच नावाने, बिनसहीचा मेल आम्हालाच पाठवत होते. धोरण घाईने कडक केले असते तर नव्या संस्थांच्या चौकश्या आम्ही आमच्याच हातांनी स्पॅममध्ये टाकल्या असत्या. तो अर्जही एसईएसमार्फत वळवला आणि महिन्याभराने धोरण 'क्वारंटाइन', म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका, असे केले.

नोंदी लागल्या तरी लगेच बिले पाठवता येत नाहीत. नवे खाते 'सँडबॉक्स'मध्ये असते: २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर पडण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यात आम्ही गुळगुळीत वाक्ये न लिहिता सरळ लिहिले: हे सभासदांचे पत्ते आहेत, संस्थेच्या नोंदवहीतून घेतले आहेत, महिन्यातून एवढे मेल जातात, परत आलेला पत्ता त्याच दिवशी यादीतून निघतो. परवानगी मिळाली. ही अट जाचक वाटते खरी, पण ज्या सर्व्हरांवरून आपले बिल जायचे त्यांवरून लॉटरीची पत्रे जाऊ नयेत असे वाटत असेल, तर तिच्यावर रागावता येत नाही.

परत येणाऱ्या मेलचा हिशेब एसईएस कडक ठेवते. हे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले की खाते तपासणीखाली येऊ शकते आणि १० टक्क्यांवर पाठवणे थांबवले जाऊ शकते. स्पॅम म्हणून आलेल्या तक्रारींसाठी हेच आकडे ०.१ आणि ०.५ टक्के आहेत. संस्थांच्या याद्यांत घर सोडून गेलेल्या भाडेकरूंचे पत्ते असतात आणि 'जीमेल'ची अक्षरे उलटसुलट पडलेली असतात, त्यामुळे पहिल्या महिन्यापूर्वी आम्ही प्रत्येक यादी सचिवांकडून तपासून घेतली. सचिवांना ते आवडले नाही. जीमेलवर कोणी 'स्पॅम'चे बटण दाबले तर त्या व्यक्तीची तक्रार एसईएसपर्यंत येत नाही. अशा तक्रारींचे निदान एकूण प्रमाण पाहण्यासाठी गूगलच्या 'पोस्टमास्टर टूल्स'मध्ये डोमेन वेगळे नोंदवावे लागते. अर्थात आणखी एक टीएक्सटी.

पाचांपैकी चार तारे देतो. एक कापला तो 'मेल फ्रॉम' घडीत झाकल्याबद्दल आणि आम्हाला मिळालेली सारी मदत लेखी असल्याबद्दल. मदतीची पाने अचूक आहेत. परंतु डीएनएस कोणाच्या ताब्यात आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने कोणते पान उघडायचे हे ती सांगत नाहीत. डोमेनच्या नोंदी अ‍ॅमेझॉनच्याच 'रूट ५३' या डीएनएस सेवेत असतील तर एसईएस बऱ्याचशा नोंदी स्वतः लावते आणि त्या सोयीचे भाडे महिन्याला अर्धा डॉलर आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो मार्ग धरावा. आम्ही आहोत तेथेच राहिलो, कारण चालणारे नेमसर्व्हर हलवण्याची हिंमत अजून कोणात नाही. लावलेली प्रत्येक नोंद, तिची तारीख आणि ती का लावली याचे एक ओळीचे कारण आता एका कागदावर छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे.

मानपाड्याच्या खजिनदारांनी पुढच्या महिन्यात बिल इनबॉक्समध्ये आल्याचे फोन करून कळवले आणि त्याच फोनवर नवी मागणी केली: बिल आमच्या कार्यालयाच्या नावाने नको, संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरून आले पाहिजे, कारण संस्थेने ते पैसे भरून घेतले आहे. मागणी रास्त आहे आणि एसईएसमध्ये ते डोमेन मी नोंदवूनही ठेवले आहे. चौकशीअंती असे निघाले की डोमेन मागच्या समितीच्या सचिवांच्या खासगी मेलवर घेतलेले आहे, ते सदनिका विकून पुण्याला गेले आहेत आणि पासवर्ड त्यांच्या मुलाने ठेवला होता. खजिनदार दर रविवारी त्यांना फोन करतात. तीन सीनेम माझ्याकडे लिहून तयार आहेत.